खोड्याच्या कपाळी भंडारा

मित्रांनो, मी एक जुना खोडा आहे. घाबरू नका, तुम्हाला काही मी धरून ठेवत नाही. जनावरांच्या दवाखान्याच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, जमिनीत गाडलेले खांब आणि त्यांना जोडणारे आडवे पाइप असा एक लोखंडी सांगाडा तुम्ही पाहिला असेल. तोच मी. डॉक्टर तपासतात तेव्हा जनावर हलू नये, त्यानं लाथ मारू नये, म्हणून त्याला माझ्यात उभं करतात. मागून एक आडवा पाइप सरकवला की झालं, जनावर अडकलं. साहजिकच मला पाहून आजवर कुठलंही जनावर खूश झालेलं नाही. कुणाच्या चांगल्या कामात कुणी आडवं आलं की माणसंही माझंच नाव घेतात. आता बोला!

माझा जन्म सांगलीचा. हळदीच्या पेठेमागं एका पत्र्याच्या शेडमध्ये गुंडा मिस्त्रींनी मला जोडलं. दिवसभर हळदीची पोती आत-बाहेर व्हायची आणि त्या वासात माझ्या अंगावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडायच्या. गुंडा मिस्त्री तोंडाचे फटकळ. शेडमधल्या पोरांना उठता-बसता शिव्या हासडायचे. पण माझं काम संपल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, ती मी विसरलेलो नाही. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि आपला उघडा हात माझ्या प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवला. जिथं खरखर लागली तिथं कानस घेऊन घासत बसले.

"आवं मिस्त्री, जनावराचा खोडा हाय त्यो, नवरीचा पलंग न्हाई," एक कारागीर हसत म्हणाला.

"म्हनून तर घासतोय, गड्या," मिस्त्री म्हणाले. "मानसाला खुपलं तर त्यो बोंबलतो. जनावर कुनाला सांगनार?"

मग मला टेम्पोत घातलं. तासगावची द्राक्षं मागं पडली, पुढं माळ लागला, बाभळी आणि मेंढरं दिसायला लागली. या माळावरच्या गावात मला पुरलं. त्या वेळचे सरपंच आप्पासो यांनी माझ्यापुढं नारळ फोडला. मला हिरवा रंग दिला होता आणि मी नवरदेवासारखा उभा होतो. "काय भक्कम काम हाय!" असं म्हणत लोक मला हलवून बघायचे. मी हलायचो नाही, आणि त्याचा मला फार अभिमान वाटायचा.

पण मित्रांनो, कौतुक चार दिवसांचं असतं. पुढची वर्षं निव्वळ ओढाताणीत गेली. हंबरणाऱ्या म्हशी आल्या, डोळे पांढरे करणारे बैल आले, शिंगं माझ्यावर आपटणाऱ्या खिलारी गाई आल्या. मी त्यांना धरून ठेवलं म्हणून त्यांना औषध मिळालं, त्या बऱ्या झाल्या. पण माझ्याकडं वळून बघायची कुणाची तयारी नव्हती. मागचा पाइप निघाला की अशी धूम ठोकायच्या की बस्स. माझा रंग उडाला, गंज चढला. माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. एका उन्हाळ्यात तर कुणी माझ्यावर शेवया घातल्या! त्या मात्र निवांत पडून राहिल्या. मला मनापासून वाटायचं, एकदा तरी, फक्त एकदा, एखादं जनावर आपल्या पायांनी माझ्यात यावं.

मग डॉक्टर संयोगिता बदलून इथं आल्या. कराडकडच्या, उसाच्या गावातल्या. वडील फौजेत होते, त्यामुळं चालणं ताठ आणि बोलणं थोडकं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा गंज घासून घेतला आणि माझ्या पाइपांना गोणपाट गुंडाळलं. आतलं सूक्ष्मदर्शक यंत्र उजेडासाठी खिडकीपाशी मांडलं. ती खिडकी बरोबर माझ्यासमोर. तेव्हापासून दवाखान्यात काय चाललंय ते मला सगळं दिसायला आणि ऐकू यायला लागलं.

एका सकाळी बयाबाई आल्या. धनगराघरच्या म्हाताऱ्या, काटक, दंडावर चांदीची वाकी. मागं त्यांचा मुलगा तानाजी, आणि त्याच्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला कवडी होती.

कवडी म्हणजे भीमथडी जातीची घोडी. अंगानं लहान, रंगानं तांबडी, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं कृष्णाकाठच्या उसाच्या रानांकडं चरायला निघतात, तेव्हा सगळा संसार घोडीच्या पाठीवर असतो. भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांच्या वर एखादं पोर. कवडीनं हे ओझं वर्षानुवर्षं वाहिलं होतं. तिच्या आईनं, आजीनंही वाहिलं होतं.

"हिच्या पणजीवर बसून मी सासरला आले," बयाबाई डॉक्टरांना म्हणाल्या. "ह्या घरात सुना बदलल्या, घोडीचं रगत बदललं न्हाई. पर आता ही गाभ धरंना. तीन साल झाली, घोडा दावतोय, पर उपेग न्हाई. हिच्यामागं हिचं कोन न्हाई, बाई."

"आये, वांझ झाली ती," तानाजी म्हणाला. "म्याडम, आमी आता टेम्पो घेतलाय. येत्या घोडेबाजारात हिला दिऊन टाकायची ठरलीय. म्हातारी ऐकंना, म्हनून शेवटचं दावायला आनली."

 बयाबाईंनी कवडीच्या आयाळीत बोटं घातली. म्हणजे पेच असा होता: घोडी गाभण राहिली नाही, तर बाजारात जाणार, आणि तिच्याबरोबर तिच्या पणजीपासूनचं सगळं जाणार.

तानाजीनं दोरी ओढली आणि कवडीनं मला पाहिलं. अरे देवा! ती जागच्या जागी थरथरायला लागली. मागचे पाय रोवले, कान पाडले, अंगावर घाम फुटला. तिला माझा नाही, माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाचा तरी अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी लांब कुठंतरी तिला नेलं होतं. तिथं वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून, चौघांनी दाबून, तिच्या गर्भपिशवीचा बारीकसा तुकडा तपासायला काढला होता. तुकडा काढताना फार कळ लागत नाही म्हणतात. पण ती माणसं, ती घाई, तो ओठाचा पीळ तिच्या डोक्यात बसला होता. त्यात उन्हाळ्यानं तो तुकडा वाटेतच नासला आणि रोगाचं निदान काही हाती लागलं नाही, इंजेक्शनं मात्र देत राहिले. दुखणं राहिलं ते राहिलंच, वर खोड्याची भीती तेवढी पदरात पडली.

तानाजीनं चाबूक उचलला.

"ठेवा तो," डॉक्टर म्हणाल्या. "आज हिला तपासायचं नाही."

"म्हंजी? फाटंपासनं चालत आलोय आमी!"

"आज हिनं इथं नुसता गूळ खायचा."

"घोडीनं गूळ खायाचा, आन मी काय खाऊ?"

"तू धोंडा खा," बयाबाई म्हणाल्या, आणि कनवटीचा गूळ काढून त्यांनी घोडीला चारला. माझ्यापासून चार हातांवर. मी श्वास रोखून बघत होतो. लोखंडाला श्वास नसतो म्हणता? नसेल. पण मी रोखला होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी माझी पुढची आणि मागची दोन्ही तोंडं उघडी ठेवली. मी नुसता रस्त्यासारखा झालो. गूळ माझ्या पाइपावर ठेवला. कवडी आली, फुरफुरली, मान लांब केली आणि मागं सरली. परत आली, परत मागं सरली. तानाजी कपाळाला हात लावून लिंबाखाली बसला. तेव्हा बयाबाईंनी पदर खोचला.

"थांब बाई. आदी मीच ऱ्हाते हुबी."

आणि मित्रांनो, ती म्हातारी सरळ माझ्यात येऊन उभी राहिली! जिथं म्हशी उभ्या राहतात तिथं, माझ्या दोन पाइपांवर कोपरं टेकून, ओट्यावर गप्पा मारायला उभी राहावी तशी. दवाखान्यात आलेली माणसं पोट धरून हसली. तानाजी म्हणाला, "म्याडम, आता हिलाच इंजेक्शन द्या." बयाबाईंनी तिकडं लक्षच दिलं नाही. त्या घोडीशी बोलत होत्या. वाटेवरच्या मुक्कामाची नावं घेत होत्या, कुठं पाणी गोड होतं ते सांगत होत्या. "आगं ये की गं बाई, मला काय झालं का? बघ, हाय न्हवं मी?"

कवडीनं एक पाय टाकला. मग दुसरा. तिचं नाक बयाबाईंच्या पाठीला टेकलं. बयाबाई एक पाऊल पुढं सरकल्या, घोडी एक पाऊल पुढं आली. आणि बघता बघता कवडी माझ्यात होती. कुणी ओढलं नव्हतं, कुणी मारलं नव्हतं. तिची बरगडी माझ्या गोणपाटाला टेकली, तेव्हा आत काळीज धडधडत होतं ते मला कळलं. मग ते हळूहळू निवलं. इतक्या वर्षांत माझ्यात कुणाचं काळीज निवलं नव्हतं. मी रडलो असतो, पण मला गंज चढला असता.

डॉक्टरांनी शेपटीला पट्टी गुंडाळून ती बाजूला बांधली, सगळं स्वच्छ धुतलं, आणि एक लांब बारीक नळी घेतली. तिच्या आत दुसरी नळी, आणि त्या आतल्या नळीत एक इवलासा मऊ ब्रश. काजळाच्या कांडीएवढा असेल.

"ह्येनंबी तुकडा काढनार?" बयाबाईंनी धास्तावून विचारलं.

"नाही मावशी. पिशवीला आतून सूज असली तर तिच्या आतल्या अस्तरावर सुजेच्या खुणा असतात. हा ब्रश आत गेल्यावरच नळीतून बाहेर काढायचा, एकदा हलकेच फिरवायचा आणि परत नळीत घ्यायचा. म्हणजे बाहेरची घाण त्याला लागत नाही. उद्या तुकडा काढायची गरजच पडली तर काढू. पण कमी त्रासात कळत असेल, तर आधी तेच करायचं."

कवडीनं एकदा कान मागं केले, एकदा शेपूट आवळली, आणि झालं. बयाबाईंनी तिच्या नाकावर नाक टेकवलं होतं. डॉक्टरांनी तो ब्रश काचपट्टीवर अलगद लोळवला, पट्टी वाळवली, रंगात बुडवली आणि खिडकीपाशी यंत्रावर ठेवली.

त्यांनी यंत्राला डोळा लावला आणि पट्टी इकडून तिकडं सरकवून बघितली. मग म्हणाल्या, "सूज आहे. पुवाच्या पेशी खच्चून भरल्यात. आणि बुरशीचे धागे आहेत. म्हणून एवढी इंजेक्शनं देऊन उपयोग झाला नाही. ती जंतूंची होती, बुरशीची नव्हती." त्यांनी पुन्हा डोळा लावला आणि कपाळाला आठी घातली. "पण मावशी, घोड्याकडं नेताना तुम्ही हिच्या आत काही घालता का? तेल, पाला, काही?"

"न्हाई बाई."

"नीट आठवा."

"बिरोबाची आन! कायबी घालत न्हाई. आमी काय येडं हाय का?"

 डॉक्टरांनी खुर्ची मागं सारली. "या. तुम्हीच बघा. निळ्याजांभळ्यात पिवळे पिवळे दाणे दिसतात का?"

बयाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि यंत्राला डोळा लावला. मला खिडकीतून त्यांचा चेहरा दिसत होता. आधी काही कळलं नाही. मग एकदम तो चेहरा असा उजळला की काय सांगू!

"आगं बया! ह्यो तर भंडारा! माझ्या बिरोबाचा भंडारा! तान्या, आरं बघ की, देव आत पोचलाय!"

भंडारा म्हणजे देवाची हळद, मित्रांनो. हळूहळू सगळं बाहेर आलं. घोड्याकडं नेताना दर वेळी बयाबाई कवडीची ओटी भरायच्या. लेकीची भरावी तशी. खण, नारळ, आणि देवाचा भंडारा. तो कपाळाला लावायचा, पाठीला लावायचा, आणि जिथं कूस आहे तिथं देवाचा हात लागावा म्हणून शेपटीखाली, बोटानं अगदी आतवर. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या नव्हत्या. तेल म्हणजे काहीतरी घालणं, पाला म्हणजे काहीतरी घालणं. भंडारा घालणं त्यांच्या लेखी 'काहीतरी घालणं' नव्हतंच. तो देव होता.

आता हे म्हातारीला सांगायचं कसं? मला तर डॉक्टरांची कीव आली. त्यांनी बयाबाईंचा हात हातात घेतला.

"मावशी, देव पोचलाय, पण त्याच्याबरोबर बुरशीपण पोचलीय. पिशवीच्या आत काहीही गेलं की ती चिडते, सुजते. मग घोडा दाखवला तरी गाभ धरत नाही. दर खेपेला नवा भंडारा, दर खेपेला नवी सूज."

बयाबाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्या खाली फरशीवर बसल्या. "म्हंजी... मीच? मीच माज्या लेकराची कूस बंद किली?"

 बाहेर माझ्यात उभ्या असलेल्या कवडीनं त्यांचा आवाज ऐकून मान वळवली आणि बारीक खिंकाळली. मग तानाजी, तोच चाबूक उचलणारा तानाजी, आईशेजारी उकिडवा बसला.

"तुझं काय न्हाई गं आये. भंडाऱ्याची पिशवी मीच खोपटाभायेर टांगली व्हती. पावसात भिजली, तवाच बुरसली आसंल."

खरंच त्यानं टांगली होती, की आईचा जीव हलका करायला म्हणाला, देव जाणे. मला तरी त्या क्षणापासून तो आवडायला लागला.

"भंडारा कपाळाला, मावशी," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आतली वाट देवाला ठाऊक आहे. आपण दाखवायला नको."

बयाबाईंनी वर बघितलं. ओल्या डोळ्यांनीच हसल्या. "व्हय की. त्याला काय आंधळा समजले व्हय मी?"

त्यानंतर कवडी कितीदा तरी आली. डॉक्टरांनी तिची गर्भपिशवी औषधी पाण्यानं धुतली, बुरशीचं औषध दिलं. दर खेपेला गूळ असायचा आणि दर खेपेला बयाबाई माझ्यात पुढं नि घोडी मागं. शेवटी शेवटी तर घोडी म्हातारीची वाट न बघता आत घुसायला लागली आणि गुळासाठी माझा पाइप चाटायला लागली. पुन्हा एकदा तो मऊ ब्रश फिरवला. काचपट्टी स्वच्छ होती.

घोडेबाजार जवळ आला. तानाजी एकदा दवाखान्यात येऊन नुसताच घुटमळला. डॉक्टरांनी विचारलं, "काय ठरलं?" तो लिंबाकडं बघत म्हणाला, "टेम्पो उसाच्या रानात रुततोय म्याडम. घोडी लागतीयाच." टेम्पो रुतत होता की नाही, ते मी विचारलं नाही. कवडी बाजाराला गेली नाही. मग तिला पुन्हा घोडा दाखवला. त्या दिवशी भंडारा फक्त कपाळाला होता. पुढं डॉक्टरांनी तपासून गाभण असल्याचं सांगितलं, तेव्हा बयाबाईंनी माझ्याच पाइपाला धरून फुगडीची एक गिरकी घेतली. गुडघे दुखायला लागले म्हणून एकच घेतली.

मेंढरं कृष्णाकाठाला गेली, परत आली. मध्ये माझ्यावर पुन्हा टॉवेल वाळले. कवडीचं काय झालं ते कळायला मला मार्ग नव्हता. मी काही चालत जाऊन विचारू शकत नाही.

आणि एका सकाळी ती आली. दोरी सैल, पाठ मोकळी. तिच्या मागं काड्यांसारखे पाय टाकत एक शिंगरू होतं. तांबडं, आणि कपाळावर पांढरा ठिपका. मादी.

"आजारी आहे का?" डॉक्टर घाईनं बाहेर आल्या.

"न्हाई बाई. मामाच्या घरी आनलीय," बयाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं.

शिंगरानं मला पाहिलं. त्याला माझी काय भीती? त्याला कुणी कधी ओढलं नव्हतं. ते माझ्या एका तोंडातून आत शिरलं, मध्येच थांबून माझ्या पाइपाला मान घासली, आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलं. परत वळलं आणि परत आत आलं. त्याच्यासाठी मी खोडा नव्हतोच, खेळायची जागा होतो.

मग बयाबाईंनी नवी कोरडी पिशवी उघडली, चिमूटभर भंडारा घेतला आणि कवडीच्या कपाळाला लावला. शिंगराच्या कपाळाला लावला. डॉक्टरांच्या कपाळाला लावला. आणि माझ्यापाशी येऊन जरा थबकल्या. "ह्येचं कपाळ कुठलं गं?" म्हणाल्या, आणि माझ्या सगळ्यात वरच्या पाइपावर पिवळं बोट ओढलं. किती वर्षांनी तो वास आला! पेठेमागची ती शेड आठवली, आणि बाही वर करून माझ्यावरून हात फिरवणारे गुंडा मिस्त्री आठवले.

मित्रांनो, मी काही फार शिकलेला नाही. माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी गाय असेल, शेळी असेल, मांजर असेल, त्यांच्यावर माया करता ते चांगलंच आहे. पण ती माया त्यांना सोसते का, हेही कुणा जाणत्याला विचारत जा. त्यांना दवाखान्यात आणाल तेव्हा दोरी जरा सैल ठेवा, खिशात गुळाचा खडा ठेवा, आणि लागलं तर आधी तुम्ही आत उभे राहा. आणि कधी माझ्या जवळून गेलात, तर बाही वर करून तुमचा उघडा हात माझ्यावरून एकदा फिरवा. कुठं खुपलं, तर डॉक्टरांना सांगा. माझ्यात जे उभं राहतं, त्याला सांगता येत नाही.